धामापूरला जाताय? मग पाण्याकडे पाठ करून बसा

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या चार दिवस मालवणला येतायत. सोबत नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, आणि गुडघ्यांनी बेजार केलेल्या सासूबाई. किल्ला, तारकर्ली, स्कूबा हे सगळं मागच्या खेपेला झालंय. यंदा एखाद्या तळ्याकाठी, रानात एक दिवस घालवायचा आहे. धामापूरचं तळं बरं की दोडामार्गकडचं तिलारी धरण, किती वेळ लागेल, बोटिंग आहे का आणि मुलांना 'काहीतरी दिसेल' का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागाहून. तिलारी या खेपेला सोडा. धामापूरला एक अख्खा दिवस देण्यापेक्षा दोन सकाळी द्या. बोटिंग सगळं झाल्यावर शेवटी करा, नाही केलंत तरी काही बिघडत नाही. आणि सासूबाईंना खोलीवर ठेवून येऊ नका, सगळ्यात जास्त त्यांनाच दिसणार आहे.

हे शेवटचं मी त्यांना बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी चौदा जणांचा एक गट मी धामापूरला नेला होता. तेव्हा लोकांना पक्षी दाखवायच्या या कामात नवा होतो. लोकांनी पैसे दिलेत म्हणजे त्यांना भरपूर फिरवलं पाहिजे, अशी माझी समजूत. बांधावरून या टोकाला, मग त्या टोकाला, मग झाडीतली पायवाट, असं तीन तास तंगडतोड केली. चार पाणकावळे आणि एक खंड्या एवढीच मिळकत. परत आलो तर त्यांच्यातल्या एक मावशी, ज्यांना चालवत नव्हतं म्हणून देवळाजवळच्या पायरीवर बसवून गेलो होतो, त्या म्हणाल्या, "अहो, ते मोठ्या चोचीचे काळे-पांढरे पक्षी कुठले? सात होते. डोक्यावरच्या झाडात अर्धा तास काहीतरी खात होते." मलबारी कवड्या धनेश! ज्याच्यासाठी आम्ही तीन तास रान तुडवलं, तो मावशींच्या डोक्यावर बसून फळं खात होता. त्या दिवसापासून मी माणसांना फिरवायचं सोडलं आणि बसवायला लागलो.

आता धामापूरचं तळं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, म्हणजे तिथे काय शोधायचं आणि काय नाही हे कळेल. हे निसर्गतः झालेलं तळं नाही. दोन डोंगरांमधली खिंड मातीच्या बांधाने अडवून ते केलंय. साल १५३०. विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी धामापूर आणि काळसे या दोन गावांच्या लोकांच्या श्रमातून ते बांधून घेतलं. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. बांधाच्या खालची शेती आणि पोफळीच्या बागा याच पाण्यावर. मालवण शहरालाही इथूनच पिण्याचं पाणी जातं, तेव्हा तुम्ही हॉटेलात चूळ भराल तीही बहुधा याच पाण्याने. काठावर भगवतीचं देऊळ आहे. तिच्या जुन्या दागिन्यांची गोष्ट ऐकायची असेल तर गावातल्या कुणाही आजीला विचारा. लग्नघरच्यांनी संध्याकाळी फुलांची परडी पाण्यात सोडायची आणि सकाळी त्यात दागिने यायचे. मग कुणीतरी ते परत केले नाहीत, तेव्हापासून बंद झालं. मुलं ही गोष्ट सोडणार नाहीत, बघा.

मुद्दा असा, की हे खोल तळं आहे आणि त्याच्या काठापर्यंत दाट झाडी उतरलेली आहे. लोक 'तलाव' म्हटलं की बदकांचे थवे, रोहित पक्षी असं काहीबाही मनात धरून येतात. बदकांना, कमळपक्ष्यांना, जांभळ्या पाणकोंबड्यांना उथळ पाणी लागतं, त्यात वाढलेलं गवत नि पाणवनस्पती लागतात, चिखल लागतो. खोल, स्वच्छ पाण्यात त्यांना खायला काय मिळणार? तिथे बुडी मारून मासे पकडणारे असतात: पाणकावळे, टिबुकली, नशीब असेल तर मान तेवढी पाण्याबाहेर काढून सापासारखा पोहणारा तिरंदाज. हिवाळ्यात एखादा कैकर येतो, म्हणजे मासे मारणारा शिकारी पक्षी. तो उंचावर जागच्या जागी पंख मारत थांबतो आणि पाय पुढे करून पाण्यात कोसळतो. ते दिसलं तर तुमचा दिवस सार्थकी लागला. पण पाण्यावर बघण्यासारखं एवढंच, आणि तेवढ्याला पंधरा मिनिटं पुरतात.

खरी वर्दळ मागे असते, झाडीत. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, धामापूरला पाण्याकडे पाठ करून बसा. लोक हसतात. बसून बघा.

कुठे बसायचं ते फळांवर ठरतं. पोचल्यावर पहिली दहा मिनिटं वर न बघता खाली बघा. वडाची, पिंपळाची, उंबराची फळं कुठल्या झाडाखाली पडलीयत, अर्धवट कुरतडलेली, ताजी? ते झाड तुमचं. काजऱ्याचं झाड फळलेलं असेल तर तेही. काजऱ्याची नारिंगी फळं दिसायला गोड, पण बी जहरी असते, म्हणून मुलांना सक्त ताकीद द्या. धनेश मात्र त्याचा गर मजेत खातो. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, उन्हाकडे पाठ येईल अशा बेताने बैठक मारा आणि गप्प बसा. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका, जमिनीवर बसण्या-उठण्यात गुडघ्यांचे हाल होतील. त्यांची खुर्ची जिथे मांडाल तोच तुमचा मुक्काम समजा. मुलांनी त्यांच्या आजूबाजूला बसायचं.

धनेश आधी ऐकू येतो. आरडाओरडा करणाऱ्या कोंबड्यांच्या घोळक्यासारखा कलकलाट होतो आणि मग पंखांचा आवाज, भाता चालवल्यासारखा सूं-सूं. दिसला की घाईने फोन काढू नका. दुर्बिणीतून डोळा बघा. मादीच्या डोळ्याभोवती पांढरी कातडी असते, नराच्या नसते. हा फरक एकदा मुलांना दाखवला की ती आपणहून मोजत बसतात, किती नर, किती माद्या. रत्नागिरीकडे याला ककणेर म्हणतात. फळ चोचीच्या टोकात धरायचं, मान मागे झटकायची, फळ हवेत उडवून घशात घ्यायचं. एकही फळ चुकत नाही. डिसेंबरात घरटं बघायला मिळणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. पण तेव्हा तुम्ही आलात तरी मी घरट्याजवळ नेणार नाही. नर माणसाला बिचकून आला नाही तर आतली उपाशी राहतात. इतकी मोठी ढोली जुन्या, आडव्या-तिडव्या वाढलेल्या झाडालाच असते, आणि अशी झाडं आमच्याकडे उरलीयत ती बहुतेक देवाच्या नावाने राखलेल्या रानात. धनेश देवळाच्या आसपास का दिसतात याचं उत्तर एवढंच आहे.

त्याच झाडावर बाकीची पंगतही बसलेली असते. कुटुर्गा दिवसभर 'कुटुर्र कुटुर्र' करतो, पण हिरव्या पानात हिरवा, त्यामुळे शोधायला मुलांना लावा. हरेवा असतो. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झेंडे लावून फिरणारा भृंगराज असतो. तो नकला करण्यात इतका तरबेज की सर्पगरुडाची शीळ ऐकून तुम्ही आभाळ धुंडाळाल आणि हा समोरच्या फांदीवर बसलेला असेल, मी अजून फसतो. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तकही येतो. नर पांढरा, शेपटीच्या दोन फितींसकट, आणि सावलीतल्या रानातून असा लहरत जातो की आईला दाखवेपर्यंत गेलेला असतो.

दुसरी सकाळ बांधाच्या खालच्या अंगाला घालवा. तिथे बघायच्या दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे पोफळीच्या बागा. बाग खासगी असते, मालकाला विचारल्याशिवाय कुंपणाच्या आत जायचं नाही. विचारलंत तर बहुधा नाही म्हणत नाहीत, उलट चहाचं विचारतील. आत गेल्यावर पोफळीच्या खोडांवर, डोळ्यांच्या उंचीपासून वर, नजर सावकाश फिरवा. ऊन खोडावर यायला लागलं की, नऊ-साडेनऊच्या सुमारास, खोडाचाच एक तुकडा हलल्यासारखा वाटेल. तो उडता सरडा. हातभर अंतरावरून मी तो बघितलाय. सालीसारखा करडा-तपकिरी, मुंग्यांची रांग चाललीय तिच्या कडेला चिकटून बसलेला, जीभ काढली की एक मुंगी कमी. मध्येच गळ्याखालून लिंबासारखी पिवळीजर्द पताका पुढे काढतो, आत घेतो, पुन्हा काढतो. ती नराची खूण, शेजारच्या खोडावर दुसरा आहे त्याला दाखवलेली. आणि मग काही कळायच्या आत झेपावतो. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेला पडदा दोन्ही बाजूंना पसरतो आणि तो तिरका तरंगत पुढच्या पोफळीवर, थोडा खाली, जाऊन चिकटतो. चिकटल्यावर पुन्हा तोच, खोडाचा तुकडा. तुमच्या नऊ वर्षांच्या पोराला वाघ नाही दिसला तरी चालेल, हे एकदा दिसू दे.

एकदा एका बागेत शहरातली दहा-बारा मुलं घेऊन गेलो होतो. कुणाला काही दिसेना, चुळबुळ सुरू झाली. बागेत झावळ्या गोळा करणारे आजोबा एवढंच म्हणाले, "वायच गप रवा, येतलो तो." आणि हातातली झावळ न टाकता तिथेच उभे राहिले. पाच मिनिटांत तीन सरडे. त्यानंतर मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत हे शिकवायची गरज पडलेली नाही.

दुसरी म्हणजे पाटाच्या पाण्यावरची भातशेती. डिसेंबरात तिथे वायंगणीची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भाताची, तयारी चाललेली असते, चिखलणी, रोपं. नांगर किंवा पॉवर टिलर फिरला की मागून बगळे आणि ढोकऱ्या येतात, किडे वर येतात ना. कडेच्या चिखलात पाणलावा दबून बसतो आणि पाय पडायच्या आधी एक क्षण 'स्केप' करून नागमोडी उडून जातो. कधी कांडेसर करकोचा जोडीने येतो, मानेवर पांढरी लोकर गुंडाळल्यासारखा. इथे शेताच्या बांधावरून चाला, चिखलात उतरू नका, आणि नव्या रोपांवर पाय तर मुळीच देऊ नका. शेतकऱ्याने हटकलं की सॉरी म्हणून चालत नाही, त्याची रोपं गेलेली असतात.

कमळपक्षी आणि बदकं बघायचीच असतील तर कुडाळ तालुक्यातल्या पाटच्या तळ्यावर जा, ते उथळ आहे. तिथे पाण्याकडे तोंड करून बसायचं.

वेळेचं सांगतो. डिसेंबरात उजाडायला सात होतात. तुम्ही साडेसहाला धामापुरात हवं. मालवणहून कुंभारमाठ, चौके करत गाडीने अर्धा-पाऊण तास धरा. कुडाळ स्टेशनकडून येणार असाल तर नेरूरपारचा पूल ओलांडून काळशावरून या, तो रस्ताच बघण्यासारखा आहे. पुलावर थांबून कर्लीच्या खाडीकडे एक नजर टाका. खाडीकाठच्या खडकांवर काळपट विष्ठा आणि तीत माशांचे खवले, कुर्ल्यांच्या कवचांचे तुकडे दिसले तर ती पाणमांजराची, आम्ही हूद म्हणतो. हूद स्वतः दिसेल न दिसेल, त्याचं ताट दिसतं. तळ्यावर साडेदहानंतर काही उरत नाही. उठा, घावणे-चटणी खा, दुपारी झोपा. संध्याकाळी चारनंतर तळ्यावर गर्दी असते, आणि नाताळ ते एकतीस या आठवड्यात तर मालवणच्या बाजारपेठेत गाडी तासभर अडकते. म्हणूनच दिवसभराऐवजी दोन सकाळी म्हटलं.

बोटिंगबद्दल. ते कधी चालू असतं, कधी बंद. गेल्यावर गावातच विचारा. चालू असेल तर पायाने चालवायची बोट घ्या, लाइफ जॅकेट अंगात, हातात नाही, आणि साडेदहानंतर. आधी बोट फिरवलीत तर पाण्यावरचे जे चार पक्षी आहेत तेही उठून जातील. पोहायला मात्र कुणी उतरू नका. पिण्याचं पाणी आहे हे एक, आणि बांधाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यापुढे एकदम खोल, हे दुसरं. पोहायची हौस समुद्रावर भागवा, तेही गावकरी सांगतील तिथेच. देवळात जाणार असाल तर चपला बाहेर काढा, आतले फोटो विचारून. ब्लूटूथ स्पीकर गाडीतच राहू दे. मागच्या वर्षी पहाटे एका टोळक्याने तो बांधावर लावला होता, त्या दिवशी मी माझ्या पाहुण्यांकडून एक पैसाही घेतला नाही, कारण दाखवायला काही उरलंच नव्हतं.

भीतीचं एकच सांगतो, वाघ-बिबट्याचं नाही, फुरशाचं. आमच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळावर, आणि दगडी गडग्यांत, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांत, फुरसं भरपूर. वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा साप, डिवचला तर वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. दिवसा तो दगडाखाली, पाचोळ्यात पडून असतो. तेव्हा मुलांच्या पायात बूट हवेत, सँडल नकोत. गडग्यावर न बघता हात टेकायचा नाही, दगड उलटायचा नाही, पहाटेच्या अंधारात बॅटरी जमिनीवर मारत चालायचं. खुर्ची मांडण्याआधी काठीने पाचोळा हलवून घ्या. दुर्दैवाने चावलंच तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नाही. तो अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पाहुण्याला साप चावलेला नाही, तो केवळ बुटांमुळे.

सामान फार नको. एक दुर्बीण, ८×४२ ची, दोघा मुलांत एक पुरे, भांडतील पण पुरे. कपडे मळखाऊ रंगाचे. मोबाइलवर मर्लिन ॲप घ्या, आवाज ओळखायला छान आहे, पण त्यातला आवाज पक्ष्याला ऐकवून बोलवायचं नाही. तो बिचारा दुसरा नर आला समजून खाणं सोडून भांडायला येतो. मोठ्या मुलाला वही द्या. फोटोपेक्षा वहीत काढलेली चोच जास्त लक्षात राहते.

आता तिलारी का नको. दोडामार्ग तालुक्यातलं तिलारी हे २०२० मध्ये जाहीर झालेलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं. धरणाचं पाणी, त्याला लागून सह्याद्रीचं सदाहरित रान. धामापूर त्याच्यापुढे अंगण आहे, हे मान्य. पण मालवणहून दोन तासांच्या वर प्रवास, म्हणजे उजाडताना तिथे पोचायचं तर साडेचारला निघायला हवं, आणि सासूबाईंना घेऊन ते नको. शिवाय कर्नाटकातून २००२ पासून त्या भागात हत्ती येऊ लागले आणि आता ते तिथलेच झालेत. धरणाच्या काठाने पहाटे किंवा तिन्हीसांजेला नवख्या माणसाने मुलं घेऊन फिरणं मला पटत नाही. तिथे सफारीची जीप, तिकीटघर असलं काही समजून जाऊ नका. संवर्धन राखीव म्हणजे गावं, बागा, रान सगळं एकत्र नांदतं. वनखात्याच्या लोकांना विचारून, तिथल्या माणसाला सोबत घेऊन, दोडामार्गात मुक्काम करूनच जायचं. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की त्याला एकट्याला घेऊन या, मी येतो बरोबर.

आणि पावसाळ्यात यायचं जमत असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या. नवरंग पक्षी तेव्हा रानात ओरडत असतो, आणि पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध शेतात चढतात, गावातली माणसं कंदील नि बॅटऱ्या घेऊन चढणीच्या माशांमागे लागतात. त्या रात्री कुणी झोपत नाही. पक्षी नाही बघितलेत तरी चालेल.

डिसेंबरचं म्हणाल तर पहिल्या सकाळी धनेश नाही आला असं होऊ शकतं. तळ्याच्या आसपास दुसरं एखादं झाड फळलं असेल तर ते तिकडे गेलेले असतात. चहाच्या टपरीवर विचारा, वडाला फळं कुठे आलीत. दुसऱ्या सकाळी खुर्ची तिथे मांडा.